नदीचे मूळ आणि दाताचे मूळ

मराठीत आपण दात 'किडला' असे म्हणतो. धान्याला कीड लागते, कापसाला लागते, तशी दाताला लागते. चांगला शिकलेला माणूससुद्धा दवाखान्यात जाऊन 'दाढेला कीड लागली आहे हो' असेच सांगतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. या एका शब्दात हजारो वर्षांचा एक समज दडलेला आहे. दातात खरोखरच एक अळी शिरते, ती आतून दात पोखरते आणि तिची वळवळ म्हणजेच आपल्याला होणारा ठणका, असा तो समज.

हा समज फक्त आपल्याकडचा नव्हे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या अळीची एक कथा कोरलेली सापडली आहे. देव तिला खायला पिकलेले अंजीर देऊ करतो, पण ती म्हणते, मला ते नको, मला माणसाच्या दातात आणि हिरडीत राहू दे. आपल्या सुश्रुतसंहितेत निदानस्थानात दातांचे जे रोग सांगितले आहेत त्यात एकाचे नावच 'कृमिदंतक' असे आहे. खेड्यांतून भुईरिंगणीच्या बियांची धुरी दाढेला देण्याचा उपाय कित्येकांनी लहानपणी पाहिला असेल. धुरी दिल्यावर बारीक पांढऱ्या अळ्या पडलेल्या दाखवत आणि पोराला हायसे वाटे! युरोपातही हाच प्रकार हेनबेन नावाच्या वनस्पतीच्या बियांनी होत असे. जर्मनीतल्या याकोब शेफर नावाच्या एका धर्मोपदेशकाने १७५७ मध्ये छोटे पुस्तक लिहून दाखवून दिले की त्या अळ्या दातातून पडत नाहीत, त्या बियांतून पडतात. तापल्यावर बी फुटते आणि आतला कोंब बाहेर येतो, तोच अळीसारखा दिसतो.

अळी खोटी निघाली. पण या समजुतीमागे एक निरीक्षण अगदी खरे होते, ते असे की दात आतून भरीव नसतो. त्याच्या आत काहीतरी राहते, जिवंत असते आणि ते दुखते. त्या 'आत'चा नकाशा माणसाने कसा काढला, हा आजचा विषय. शीर्षक वाचून कोणी म्हणेल, मास्तर आता दंतवैद्यकाच्या पोरांना शिकवायला निघाले की काय! तसे नाही. पण शेजारची एक मुलगी बी. डी. एस. ला गेली आणि पाठ करता करता 'या दाढेला तीन नळ्या, त्या दाढेला तीन' असे घोकू लागली, तेव्हा मला राहवेना. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस मी. प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी मोजायला बसलेले असते हे मला ठाऊक. म्हणून शोध घेतला आणि जे सापडले ते इथे मांडतो आहे.

आधी थोडी रचना समजून घेऊ. तोंडात दिसतो तो दाताचा वरचा भाग, म्हणजे शिखर. हिरडीखाली हाडात रुतलेले असते ते मूळ. बाहेरून शिखरावर दंतवल्काचे, म्हणजे इनॅमलचे, कठीण आवरण. त्याच्या आत दंतिन. आणि दंतिनाच्या आत एक पोकळी. शिखराच्या भागात ही पोकळी खोलीसारखी असते आणि तिथून खाली मुळात निमुळत्या नळ्या उतरतात. त्याच रूट कॅनल. या खोलीत आणि नळ्यांत मऊ गाभा असतो, ज्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून ते दातात शिरतात. आपण 'दाताची नस' म्हणतो ती हीच. मात्र ती एक नस नसून नसांचा झुपका असतो.

कीड दंतवल्क आणि दंतिन पार करून या गाभ्यापर्यंत पोचली की तो सुजतो. बाकी शरीरात सूज आली तर तिला पसरायला जागा असते. इथे चहूबाजूंनी कठीण भिंत. त्यामुळे कळ अशी येते की माणूस रात्रभर येरझारा घालतो. पुढे गाभा मरतो, सडतो आणि जंतू टोकाच्या छिद्रातून हाडात उतरतात. उपाय दोनच. दात काढून टाका, किंवा गाभा काढून नळ्या स्वच्छ करा आणि त्या घट्ट बुजवून टाका. हा दुसरा उपाय म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'रूट कॅनल'. आता नळ्या साफ करायच्या तर त्या किती आहेत, कुठून कुठे जातात हे आधी माहीत हवे ना? एक जरी राहिली तरी जंतू तिथे घर करून बसणार. सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात कानातली 'युस्टेशियन नलिका' असे. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्या इटलीच्या बार्तोलोमेओ युस्टाकीने १५६३ मध्ये केवळ दातांवर एक छोटे पुस्तक लिहिले. दातांच्या रचनेवरचा हा पहिला स्वतंत्र ग्रंथ मानतात. दातातली पोकळी आणि तिच्यातला गाभा यांचे वर्णन त्यात आहे. पुढे हॉलंडमध्ये कापडाचा व्यापार करणाऱ्या लेवेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगांखाली दात धरला आणि दंतिन हे असंख्य बारीक नळ्यांचे बनलेले आहे असे १६७८ च्या सुमारास रॉयल सोसायटीला कळवले. याच माणसाने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचे किटण भिंगाखाली पाहून त्यात हालचाल करणारे सूक्ष्म जीव असल्याचे लिहिले. म्हणजे खरी 'कीड' त्याने डोळ्यांनी पाहिली होती! पण तिचा आणि दातदुखीचा संबंध जोडायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशारने दंतवैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याने सूक्ष्मदर्शकातून किडलेले दात पाहिले आणि मला तरी अळ्या दिसल्या नाहीत असे सरळ सांगितले. १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने तोंडातल्या जंतूंवर पुस्तक लिहिले आणि कीड म्हणजे जंतूंनी तयार केलेल्या आम्लाचे काम हे मांडले, तेव्हा कुठे अळीचा निकाल लागला.

एकोणिसाव्या शतकात दात वाचवण्याची हत्यारे तयार होऊ लागली. १८३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड याने घड्याळाची स्प्रिंग घासून तिचे बारीक हत्यार केले आणि त्याने नळीतला गाभा काढला. त्यानंतर प्रश्न आला, रिकामी नळी भरायची कशाने? मलाया भागातल्या झाडांचा एक चीक असतो, गटापर्चा. गरम केला की मऊ, गार झाला की घट्ट. समुद्राखालून ज्या तारायंत्राच्या तारा टाकल्या त्यांच्यावरचे आवरण याच गटापर्चाचे. १८६७ मध्ये बोमन याने तो मुळाच्या नळीत भरायला वापरला. गंमत अशी की आजही दंतवैद्य नळी भरतात ती प्रामुख्याने गटापर्चानेच. समुद्रातल्या तारांवर केव्हाच दुसरी आवरणे आली, पण आपल्या दाढांत मात्र तो टिकून आहे.

याच सुमारास व्हिएन्नात गेऑर्ग काराबेली हा दंतवैद्य दातांची पद्धतशीर नोंद करत होता. वरच्या पहिल्या दाढेवर आतल्या बाजूस कधी कधी एक जादा उंचवटा असतो, त्याला आजही काराबेलीचे नाव आहे. मुळांतल्या नळ्या किती आणि कुठे, याचेही वर्णन त्याने केले. १८९० मध्ये अमेरिकेत ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक याने दातांच्या रचनेवरचे पुस्तक काढले आणि त्यात प्रत्येक दाताची मापे कोष्टकात दिली. विद्यार्थ्यांना घोकायला कोष्टके मिळाली! पण बाहेरून मोजलेला दात आणि आतला दात यांत फार अंतर होते.

१८९५ च्या अखेरीस राँटजेनने क्ष-किरणांचा शोध लावला. त्याची बातमी पसरल्यावर काही दिवसांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या ओटो वाल्कहोफने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्सने त्याच वर्षी हे तंत्र आपल्या दवाखान्यात आणले. १८९९ मध्ये त्याने दाताच्या नळीत शिशाची तार घालून चित्र घेतले आणि नळी कुठवर साफ झाली ते पाहिले. आज कोणत्याही दंतवैद्याकडे रूट कॅनल करताना मधेच एक्स-रे काढतात तो याच युक्तीचा वारसा. केल्स वर्षानुवर्षे यंत्राची जुळणी करायला आपलाच हात किरणांसमोर धरत असे. किरणांचा धोका तेव्हा कळलेला नव्हता. पुढे हाताला कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग हात गेला. असह्य वेदनांनी त्याने १९२८ मध्ये स्वतःचे आयुष्य संपवले. दाताच्या आत डोकावण्याची ही किंमत एका माणसाने मोजली, हे कोष्टकात कुठे लिहिलेले नसते.

क्ष-किरण आले तरी एक अडचण उरलीच. चित्र सपाट असते. एका मागे एक अशा दोन नळ्या असतील तर चित्रात त्या एकच दिसतात. रांगेत दोन मुले एकामागे एक उभी राहिली की समोरून एकच दिसते, तसे. दात कापून पाहावा तर कापलेल्या पातळीतले तेवढेच कळते. मग काय करायचे?

उत्तर सापडले ते ओतकामातले. स्वित्झर्लंडमधल्या झ्यूरिकच्या वॉल्टर हेसने दातातला गाभा काढून पोकळीत रबर भरले, ते तापवून कठीण केले आणि मग संपूर्ण दात आम्लात विरघळवून टाकला. दात गेला आणि उरला तो त्याच्या आतल्या पोकळीचा रबरी पुतळा. गणपतीच्या मूर्तीचा साचा आपण पाहिलेला असतो. त्यात साचा ठेवून मूर्ती काढतात. इथे साचाच नष्ट करायचा आणि मूर्ती ठेवायची. हेसच्या आधीही काहींनी वितळलेला धातू किंवा दुसरे द्रव भरून असे प्रयत्न केले होते, पण हेसने चिकाटीने २८०० दातांवर हे काम केले. १९१७ मध्ये ते जर्मनमध्ये आणि १९२५ मध्ये, दुधाच्या दातांवर काम केलेल्या एर्न्स्ट झ्यूर्शरच्या लेखनासह, इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

ते साचे पाहून दंतवैद्य चक्रावले. पुस्तकातली नळी म्हणजे एक सरळ, निमुळती पोकळी. साच्यात दिसले ते वेगळेच. फाटे, आडव्या वाटा, एका नळीचे दोन होऊन पुन्हा एक होणे, दोन नळ्यांना जोडणारी पातळ पडद्यासारखी फट, आणि टोकाशी तर समुद्राला मिळणाऱ्या नदीसारखी असंख्य मुखे. टोकाच्या या फाट्यांना इंग्रजीतही त्रिभुज प्रदेशाचाच शब्द वापरतात. 'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये' असे आपल्याकडे म्हणतात. दाताच्या मुळाचीही तीच गत! काहींचा तर विश्वासच बसेना. दाबाने रबर भलतीकडे घुसले असेल, खऱ्या दातात असे नसेल, असेही आक्षेप घेतले गेले.

हे वाद केवळ पंडितांचे नव्हते. त्या काळात दंतवैद्यकावर एक मोठे वादळ घोंघावत होते. १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने कॅनडात माँट्रियल येथे भाषण केले आणि सडलेल्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. टीकेत तथ्य होते, अनेक दवाखान्यांत काम घाणेरडेच होत असे. पण त्यातून एक सिद्धांत फुगत गेला. दाताच्या मुळाशी लपलेले जंतू सांधे, हृदय, मूत्रपिंड, एवढेच काय डोकेसुद्धा बिघडवतात असे म्हटले जाऊ लागले. उपाय काय, तर गाभा मेलेला प्रत्येक दात काढा. संशय आला तरी काढा. सांधेदुखीच्या माणसाचे सगळे दात काढले जात. अमेरिकेत ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर वेडावरचा इलाज म्हणून रुग्णांचे दात उपटायला सुरुवात केली आणि तो तिथेच न थांबता पोटातल्या अवयवांपर्यंत गेला. कित्येक रुग्ण दगावले.

अशा वेळी हेसचे साचे समोर आले. ते पाहून दोन्ही बाजूंना आपलाच मुद्दा सिद्ध झाल्यासारखे वाटावे, असेच ते होते. एक म्हणू शकत होता, बघा, ही जाळी कोणाच्या बापाला साफ करता येणार नाही, दात काढलेलाच बरा. दुसरा म्हणू शकत होता, आता नकाशा मिळाला आहे, तर नीट साफ करायला शिकूया. ज्ञान तेच, पण त्यातून निघणाऱ्या वाटा दोन. इतिहासात हे नेहमी दिसते.

त्या सिद्धांताचा जोर पुढे ओसरला तो भाषणांनी नव्हे, मोजणीने. १९३८ मध्ये रसेल सेसिल या अमेरिकन वैद्याने आपल्या एका सहकाऱ्याबरोबर संधिवाताच्या २०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सेसिल स्वतः पूर्वी या मताचा पुरस्कर्ता. पण दात आणि टॉन्सिल काढून रुग्णांना म्हणावा तसा फायदा झालेला नाही, असे त्याला आढळले आणि त्याने ते जाहीर केले. मला या माणसाचे फार कौतुक वाटते. १९६५ मध्ये आणखी एक साधा पण निर्णायक प्रयोग झाला. काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले आणि काही नेहमीच्या. दोन्हींच्या दाढा कोरून गाभा उघडा केला. नेहमीच्या उंदरांचा गाभा सडला. जंतुविरहित उंदरांचा गाभा जिवंत राहिला, त्यावर नवे दंतिनही आले. म्हणजे दोष उघड्या गाभ्याचा नव्हता, जंतूंचा होता. नळ्यांतले जंतू गेले की दात वाचतो, हे आता पक्के झाले. हल्ली मोबाईलवर 'रूट कॅनलमुळे भयंकर रोग होतात, असे दात काढून टाका' असे संदेश फिरतात. ते नवे संशोधन नव्हे, शंभर वर्षांपूर्वीचे ते वादळच नवे कपडे घालून आलेले आहे.

आता त्या 'तीन नळ्यां'कडे येतो. वरची पहिली दाढ, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते ती. तिला तीन मुळे. म्हणून तीन नळ्या, असे सोपे गणित. पण गालाकडच्या दोन मुळांपैकी पुढचे जे मूळ असते ते चपटे असते आणि त्यात बऱ्याचदा दुसरी, अगदी बारीक नळी असते. १९६९ मध्ये फ्रँकलिन वाइन आणि सहकाऱ्यांनी अशी २०८ मुळे तपासली, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक मुळांत दोन नळ्या निघाल्या. १९८४ मध्ये फ्रँक व्हर्टुची याने २४०० दात रसायनांनी काचेसारखे पारदर्शक करून आत रंग भरला. हे पारदर्शक करण्याचे तंत्र त्याआधी अनेक वर्षे चालत आले होते, जपानच्या ओकुमुराने १९२७ मध्ये तसे काम प्रसिद्ध केले होते. व्हर्टुचीला या मुळात ५५ टक्के वेळा दोन नळ्या दिसल्या. नळ्यांच्या जोडण्या-फुटण्याचे त्याने आठ प्रकार पाडले, ते आज जगभरचे विद्यार्थी शिकतात. खालच्या पटाशीच्या दातासारख्या चिमुकल्या दातातही, मूळ एक असूनसुद्धा, २५ ते ३० टक्के वेळा दुसरी वाट त्याला आढळली.

म्हणजे कोष्टकावर विसंबून तीनच नळ्या शोधणारा डॉक्टर निम्म्या दाढांत एक नळी तशीच सोडून देणार. दात भरला, टोपी बसवली, पैसे दिले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा ठणका. मग रुग्ण म्हणणार डॉक्टर बरोबर नाही आणि डॉक्टर म्हणणार, एक्स-रेत तर सगळे व्यवस्थित दिसते आहे, तुमचा भास असेल. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. भांडण लावून देणारी ती चौथी नळी मात्र आत शांत बसलेली!

यातली मला सगळ्यात भावलेली नोंद १९९९ ची आहे. जॉन स्ट्रॉपको या अमेरिकन दंतवैद्याने आठ वर्षांत स्वतः उपचार केलेल्या १७३२ वरच्या दाढांचा हिशेब मांडला. पहिल्या दाढेत त्याला ही चौथी नळी सरासरी ७३ टक्के वेळा सापडली होती. पण अनुभव वाढला, तो प्रत्येक रुग्णाला पुरेसा वेळ देऊ लागला, सूक्ष्मदर्शक नेहमी वापरू लागला, तेव्हा हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. दाढा त्याच, डॉक्टर तोच. माणसांच्या मुळात काही नव्या नळ्या उगवल्या नव्हत्या. बदलले ते पाहणे. वर्गातही असेच असते. मागच्या बाकावरचा मुलगा 'ढ' आहे की आपण त्याच्याकडे पुरेसे पाहिले नाही, हा प्रश्न पुष्कळ शिक्षकांना निवृत्तीनंतर पडतो.

आणखी एक समज १९५५ मध्ये मेक्सिकोच्या युरी कुटलरने खोडला. नळी मुळाच्या अगदी टोकाला संपते असे सगळे धरून चालत. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली टोके तपासली तेव्हा दिसले की छिद्र बहुधा टोकावर नसून थोडे बाजूला असते, सरासरी सुमारे अर्धा मिलिमीटर दूर, आणि वय वाढेल तसे हे अंतर वाढते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे? पण हत्यार तेवढे पुढे गेले तर हाडात घुसते आणि तेवढे मागे राहिले तर जंतू राहतात. पुढे १९६२ मध्ये जपानच्या सुनादाने विजेच्या रोधावरून टोक ओळखण्याची पद्धत मांडली. आजची लांबी मोजण्याची छोटी यंत्रे त्यातूनच आली.

वयाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. दात आतून आयुष्यभर थोडे थोडे दंतिन चढवत राहतो. त्यामुळे तरुणपणी ऐसपैस असलेली नळी म्हातारपणी केसासारखी होते. आमच्या वयाच्या माणसाच्या दाढेवर डॉक्टरांना जास्त वेळ लागला तर चिडू नये, त्याचे कारण हे आहे.

अलीकडच्या काळात दात न कापता, न विरघळवता आत पाहता येते. सूक्ष्म सीटी यंत्राने काढलेल्या दातांची त्रिमितीय चित्रे मिळतात. २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी अशा चित्रांवरून दाखवले की हत्याराने साफ केल्यावरही नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग हत्याराला शिवलेलाच नसतो. म्हणून नळी धुण्याच्या औषधी पाण्याला इतके महत्त्व. हत्यार वाट करून देते, स्वच्छता पाणी करते. हेसच्या साच्यांतली जाळी खरी होती, हेही या यंत्रांनी पुन्हा दाखवले. त्याच्यावर शंका घेणारे आज हयात नाहीत, नाहीतर त्यांना हे दाखवायला हवे होते.

प्रत्येक लोकसमूहाचे दातही थोडे वेगळे असतात. खालच्या पहिल्या दाढेला कधी कधी आतल्या बाजूस तिसरे मूळ असते, त्याचा उल्लेख काराबेलीच्या ग्रंथात आहे. पूर्व आशियातल्या लोकांत ते अधिक दिसते. खालच्या दुसऱ्या दाढेची इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वळलेली नळीही तिकडेच जास्त. मग युरोप-अमेरिकेतल्या दातांवर केलेली कोष्टके आपल्या तोंडाला जशीच्या तशी कशी लागू पडावीत? भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात दंतवैद्यकाचे शिक्षण सुरू केले, १९४८ मध्ये कायदा झाला, पण पुष्कळ काळ पुस्तके आणि आकडे बाहेरचेच होते. २०१० मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी कोन बीम सीटीने भारतीय लोकांच्या वरच्या दाढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी कामे आता आपल्याकडे होत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

हे सगळे वाचताना एक विचार मनातून जाईना. हेसचे २८०० दात, व्हर्टुचीचे २४०० दात, हे कोणाचे होते? कोणीतरी रात्रभर तळमळून सकाळी दवाखान्यात गेले असेल, दात काढून घेतला असेल आणि गालावर हात ठेवून घरी परतले असेल. त्या दाताचे पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही. आपल्याकडेही दंतमहाविद्यालयाची मुले दवाखान्यांतून काढलेले दात बरणीत जमवून त्यांवर हात बसवतात. ज्यांचा दात वाचला नाही त्यांच्या दातांनी दुसऱ्यांचे दात वाचवायला शिकवले. या इतिहासातले सर्वांत मोठे दाते हे निनावी लोक आहेत. ('दाते' शब्दावर कोटी करण्याचा हेतू नव्हता, पण झाली खरी!)

तेव्हा त्या मुलीला आणि तिच्यासारख्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कोष्टक जरूर पाठ करा, परीक्षेत ते लागते. पण ते कोष्टक 'निदान इतक्या तरी' असे वाचा. २००४ मध्ये क्रॅसनर आणि रँकाव या दोघांनी ५०० दात तपासून दाताच्या आतल्या खोलीबद्दल काही नियम सांगितले. तिची जमीन भिंतींपेक्षा गडद रंगाची असते आणि नळ्यांची तोंडे नेहमी जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथेच असतात. हे नियम मला आकड्यांपेक्षा जास्त आवडले. ते किती आहेत हे सांगत नाहीत, कुठे पाहायचे ते सांगतात. आणि उपचार होऊनही कोणी म्हातारी 'बाळा, अजून दुखते रे' म्हणाली, तर तिला भास झाला असे म्हणण्याआधी जमीन आणि भिंत यांची ती रेघ पुन्हा एकदा नीट न्याहाळा.